गोलासमोर एकही पोरगा थांबत नाही

चार धडधाकट पोरं असून गोलासमोर कोणी थांबत नाही! बायाहो, राम राम! म्हणून आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर लिहून राहिली.

आज सौंसरात कॉलेजच्या फुटबॉलची प्रॅक्टिस पाहिली. माझा नातू गणेश गोलकीपर आहे. बॉल डावीकडं गेला की त्याच्यापुढं गोल राखायले ठेवलेले चौघंही तिकडंच पळतात. उजवीकडून पाच गोल झाले. संत्र्याच्या बागेत वांदरं आली तर एक जण डबा वाजवते, बाकीचे आपापला कोपरा धरतात. ही पोरं बागांतलीच ना?

खेळाचे सर म्हणाले, "आजी, गणेशले मॅचमधून काढून राहिलो."

"अन् या चौघांची आरती करता काय?"

गणेशनं हातमोजे काढले. मी काही रडत बसली नाही. घरी येऊन भाकरी टाकल्या.

त्या चौघांच्या आयांनी खाली उत्तर लिहा. सरांनी मधात बोलू नये.