चढणाऱ्याला वाट

तंजावूरच्या माणसाला चढ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. कुंभकोणमला जा, तिरुवैयारूला जा, ओरत्तनाडूला जा, जमीन ताटासारखी सपाट. भात, कालवा, नारळ, पुन्हा भात. मोठ्या देवळाचा कळस सोडला तर मान वर करून बघावं असं आमच्याकडे काही नाही. अशा गावात जन्मून माझ्या बायकोला डोंगरातल्या वळणांवर गाडी चालवायचं वेड कुठून लागलं, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात उमगलं नाही.

ती शाळेत गणित शिकवायची. मी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत, रोज बसनं जाऊन-येऊन नोकरी केलेला माणूस. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बायकांनी स्कूटर घेतली तरी चार दिवस चर्चा व्हायची, आणि हिनं सरळ गाडी आणली. लाल, इवलीशी. दोघं बसलो की मागे डबा, पाण्याची बाटली आणि तिची उशी एवढंच मावायचं. उशी कमरेला लावल्याशिवाय तिला रस्ता नीट दिसायचा नाही.

आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत प्रवासाला कारण लागतं. लग्न, बारसं, कुलदैवत, निदान कुणाचं तरी आजारपण. शनिवारी सकाळी उठून येरकाडला जायचं, घाट चढायचा, वर कॉफी प्यायची आणि घाट उतरून परत यायचं, याला काय म्हणावं? नातेवाईक विचारायचे, "वर कोठला देव आहे?" ती सुरुवातीला खरं सांगायची, की देव नाही, वळणं आहेत. त्यावर समोरचा माणूस माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. मग ती शहाणी झाली आणि "मुरुगन" म्हणू लागली. तमिळ मुलखात डोंगर म्हटला की मुरुगन असतोच, कुणी उलट विचारत नाही. त्याचा परिणाम असा झाला की माझ्या आत्यानं एकदा नवसाचा नारळ हातात ठेवला, आणि आम्हाला कोल्लीमलैवर अर्धा दिवस खरोखरीचा मुरुगन शोधत हिंडावं लागलं. सापडला. हिनं नारळ वाढवला, प्रसाद पिशवीत टाकला आणि पुजाऱ्याला विचारलं, की पलीकडच्या बाजूनं उतरायला आणखी एखादा रस्ता आहे का.

मला घाटाची भीती वाटायची. दारावरची कडी धरून, जीव मुठीत घेऊन बसायचो. ती मात्र गाडी चालवताना अगदी गप्प असायची. गाणी नाहीत, गप्पा नाहीत. वळणाआधी एक हॉर्न, दुसरा गिअर, चाक वळवताना जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. शाळेत पोरांवर ओरडून बसलेला तिचा आवाज, घरातली तिची चिडचिड, सगळं पायथ्याला राहायचं. ती इतकी सुखी मला घरात कधी दिसली नाही, आणि याचं मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. निदान कुठेतरी होती.

घाटाचा एक नियम ती देवाच्या नियमासारखा पाळायची. चढणाऱ्याला वाट द्यायची. वर चढणारी गाडी मध्ये थांबली तर पुन्हा उचलायला त्रास होतो, म्हणून उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं. हल्ली कुणी पाळत नाही. आपण उतरत असलो आणि खालून कुणी येताना दिसलं की ती थांबायचीच. मागचे कितीही हॉर्न वाजवोत, शिव्या देवोत. मी म्हणायचो, "अगं, जागा आहे, जा की." ती हातानं त्या गाडीला ये-ये करायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

मग आजार आला. आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे, मीही इथे घेत नाही. तो तिच्या कण्यात उतरला तेव्हा तिरुच्चीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. खड्डा नको, झटका नको, चाक तर नकोच. ती "बरं" म्हणाली. घरी येऊन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली, केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"उद्यांपासून तुम्हीं शिका."

"ह्या वयात?"

"मग कोठल्या वयांत?"

मला वाटलं, मला कळलं. तिला घाट बघायचाय, आणि नेणारं कुणी नाही. एवढं आयुष्य जिनं मला डोंगरावर फुकट फिरवलं तिला मी एकदा नेऊ शकलो नाही तर माझ्या असण्याला अर्थ काय? मी कंबर कसली. क्लासच्या मास्तरांकडे गेलो, परवाना काढला, आणि खरं शिक्षण तिच्याकडून घेतलं.

पण सपाट मुलखात घाट शिकायचा कुठे? आमच्या गावात चढ म्हणावा असा एकच, रेल्वेवरचा पूल. ती मला पहाटे तिथे घेऊन जायची. उशीला टेकून शेजारी बसायची, दुखण्यानं चेहरा आक्रसलेला, आणि मला पुलाच्या ऐन चढावर गाडी थांबवायला लावायची. थांबवा, हातब्रेक ओढा, हाफ क्लचवर उचला. मागे गेली की पुन्हा. माझ्या मागे बस येऊन उभी राहायची आणि माझा पाय क्लचवरून निसटायचा.

"अहो, पाय काढूं नोका! सांगट्लं नव्हें कां मीं?"

"बस आहे मागे!"

"असूं दे. त्याला ब्रेक आहे. तुम्हीं आपलं बघा."

सांबा भाताची कापणी झाली होती. शेतकऱ्यांनी निम्म्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं, आणि त्याच्या कडेकडेनं, एक दाणा चाकाखाली न येऊ देता ती मला गाडी न्यायला लावायची. वळणावरची दरी अशीच डावीकडे ठेवायची, म्हणायची. दरीऐवजी भात. मी नाकी नऊ येईपर्यंत शिकलो. एक दिवस पुलावर गाडी बोटभरही मागे गेली नाही, आणि तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. नवरा म्हणून मला तिनं कधी एवढी शाबासकी दिली नव्हती.

पोंगल झाल्यावर आम्ही निघालो. कोल्लीमलै तिला झेपण्यातली नव्हती, म्हणून त्यातल्या त्यात जवळची पच्चैमलै ठरवली. तुरैयूरच्या पुढे डोंगर दिसायला लागला तेव्हा मी आनंदानं तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती. तुरैयूरपर्यंतच्या खड्ड्यांनीच तिला संपवलं होतं. बोलली मात्र नव्हती.

पायथ्याला वनखात्याचं फाटक आहे, त्याच्या अलीकडे चहाचं एक दुकान. तिथे ती म्हणाली, "थांबवा."

वळणं तिला सोसणार नव्हती. हे तिला बहुधा घरी असतानाच ठाऊक होतं. दुकानाच्या मागे चिंचेच्या सावलीत एक बाज होती. मी आणि चहावालीनं मिळून तिला बाजेवर निजवलं, कमरेखाली उशी सरकवली.

"परत जाऊ या," मी म्हणालो.

"तुम्हीं वर जाऊन या."

"वेड लागलंय का तुला? तुला इथे टाकून?"

"टाकून कसली? बाई आहे ही. जा तुम्हीं. वर जाऊन या आणि मला सांगा."

मी नाही म्हणालो. ती हट्टाला पेटली. आयुष्यभर झाली नसतील तेवढी भांडणं आम्ही त्या बाजेपाशी केली, मराठीत, म्हणजे चहावालीला कळू नये अशी. पण रडकुंडीला आलेल्या नवऱ्याचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. "सर, तुम्ही जाऊन या, मी अम्मांपाशी बसते," ती तमिळमध्ये म्हणाली आणि खरंच स्टूल ओढून बसली.

मी मनात ठरवलं, पहिलं वळण घ्यायचं, तिच्या नजरेआड जायचं, थोडं थांबायचं आणि मागे फिरायचं. काय कळणार आहे तिला!

पहिलं वळण घेतलं. वरून बस उतरत होती. मी कडेला घेऊन वळवायला जागा शोधू लागलो, आणि तेवढ्यात ती बस थांबली. चालकानं खिडकीतून हात काढला आणि मला ये-ये केलं. हल्ली कुणी पाळत नाही तो नियम ह्या बाबानं नेमका आज पाळला. माझ्या मागे एक रिकामा छोटा टेम्पो येऊन चिकटला होता. मागे जाता येईना. मी चढलो. पुढच्या वळणावर दुचाकीवरून उतरणारी दोन माणसं थांबली. त्याच्या पुढे जीप थांबली. ज्याला त्याला मला वर पाठवायची घाई! मी प्रत्येकाला मनात शिव्या देत चढत राहिलो. गाडी कुठेही बंद पडली नाही. मागे सरकली नाही. हॉर्न, दुसरा गिअर, चाक. जे जे तिनं शिकवलं होतं ते ते माझे हातपाय करत होते, आणि मी मात्र दर वळणावर खाली वाकून बघत होतो, त्या चिंचेखालचं पत्र्याचं छप्पर दिसतं का.

वर पोहोचलो आणि तिथल्या तिथे गाडी वळवली.

उतरताना मी उतरणारा होतो. खालून जो येईल त्याच्यासाठी मी थांबलो. एकदा तर गवताचा भारा लादलेला ट्रॅक्टर पार वळणापलीकडून घरघरत येताना ऐकू आला, आणि मी तो दिसेपर्यंत, येईपर्यंत, जाईपर्यंत उभा राहिलो. खाली ती एका परक्या बाईच्या भरवशावर होती. तिला काही झालं तर? पण न थांबता गेलो असतो तर तिच्यापुढे कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो? गाडीत बसून मी मोठ्यानं रडलो. थांबलो, आणि रडलो.

ती तशीच बाजेवर होती. चहावाली तिचे पाय चेपत होती. मला बघून तिनं विचारलं, "कसं होतं?"

मी सांगायला लागलो. धुकं कसं होतं, मधल्या वळणावरून खालची तळी कशी चकाकत होती, हवा कशी गार झाली. जंगलखात्याच्या बंगल्यापाशी एक बाई फणस फोडून बसली होती, तिच्याकडचे गरे मधासारखे होते, हेही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. फणसापाशी तिनं डोळे उघडले.

"तै महिन्यांत फणस?"

तै म्हणजे पोंगलचा महिना, फणस पिकतो उन्हाळ्यात. मी सांगत होतो ती आमची जुनी सहल होती, एका उन्हाळ्यातली. तिला हसू आलं. हसल्यावर पाठीत कळ गेली, तिनं माझा हात दाबून धरला.

"कांही बघट्लं नाहीं नव्हें तुम्हीं?"

"नाही. मी सगळा वेळ खाली बघत होतो. तू दिसतेस का ते."

तिचं हसू गेलं. आणि मग ती रडायला लागली. रिपोर्ट आले तेव्हा रडली नव्हती, केस गेले तेव्हा रडली नव्हती. चहावाली घाबरून उठली.

"खूप दुखतंय का?" मी विचारलं.

"मला वर न्यायला शिकट्ले तुम्हीं?"

"मग कशाला?"

"मला ठाऊक होतं मीं कांही वर जाणार नाहीं. मीं गेल्यावर तुम्हीं घरांत बसून राहाल, भिंत बघत. म्हणून शिकवलं. गाडी असेल, रस्ता असेल, कोठें तरी जाल. माझ्यासाठीं नव्हें हो, तुमच्यासाठीं." नाक पुसत तिनं विचारलं, "जाल नव्हें?"

त्या क्षणी खोटं तरी बोलायला हवं होतं, पण फणसावर पकडला गेलो होतो. तिला उचलून गाडीत बसवलं, उशी लावली आणि सपाट रस्त्यानं, बैलगाडीच्या वेगानं घरी आणलं.

तैनंतरचा मासी महिना पुरता संपलाही नव्हता, ती गेली.

गाडी दारात आहे. मी ती चालवतो. भाजीला तिरुवैयारूला जातो, आत्याला दवाखान्यात नेतो. गल्लीतले लोक म्हणतात, म्हातारपणी छान हात बसला. दोनदा डोंगराकडे म्हणून निघालो, डबा भरून घेतला, आणि दोन्ही वेळा तिरुच्चीहून परत आलो. क्लच, ब्रेक, चढ, उतार सगळं तिनं मला शिकवलं. एकट्यानं कसं जायचं ते तेवढं शिकवलं नाही. तिला तरी कुठून येणार? मला शेजारी बसवल्याशिवाय ती एकदाही घाट चढली नव्हती.