अण्णांचे पाय

दादा वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता आणि मी विद्यापीठात पीएचडी करत होते. कारखान्यांच्या मागच्या वस्तीत आम्ही बहीणभाऊ एका खोलीत राहायचो. माझा विषय पेशी. पेशीच्या पातळ पडद्यात बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम-पोटॅशियमचे भारित कण ये-जा करतात, आणि त्यामुळे पडद्यावर वीज खेळते. मज्जापेशीतली ही दारं कधी उघडतात, कधी मिटतात, हे मी समीकरणांत मांडत होते. दादा हसायचा. "दारं-खिडक्या बघायला एवढं शिकायचं व्हय?"

मामेबहिणीच्या लग्नात गोडाचं जेवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. डोळे उघडे होते, बोलत होता, पण हातपाय हलेनात.

"माझे पाय हायेत ना गं जागेवर?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजातली भीती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

शेजाऱ्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात कळलं, रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. ते भरून काढल्यावर संध्याकाळी तो भिंत धरून चालला. पण पुढं असं पुन्हा पुन्हा होत राहिलं, आणि शेवटी तपासणीत कळलं की स्नायूपेशीच्या पडद्यातल्या एका दारात जन्मजात दोष आहे. हा आजार वंशातून येतो.

मी मार्गदर्शक सरांना म्हणाले, मला मज्जापेशी सोडून स्नायूपेशीवर काम करायचंय.

"घरचं दुखणं प्रबंधात आणलं की माणूस आकडे वाकवतो," सर म्हणाले. त्यांनी परवानगी दिली, पण मनापासून नाही.

वाकवायची वेळच आली नाही. संगणकावरच्या निरोगी पेशीभोवतीचं पोटॅशियम कमी केलं की पडद्यावरच्या विजेची रेघ थोडी खाली सरकायची, एवढंच. त्याच पेशीत दादासारखं दोष असलेलं, गळकं दार बसवलं, तर रेघ एकदम उसळून वर जायची आणि तिथंच अडकायची. मग कितीही टोचा, पेशी दाद देत नव्हती. मी तीच आकृती पुन्हा पुन्हा चालवून बघत होते. पेशी जिवंत होती, तिला हाक पोचत होती, पण उठता येत नव्हतं.

सुट्टीत आम्ही दोघं गावी गेलो. आमचं गाव करमाडच्या पलीकडं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. हल्ली जमिनीवरून उठायला त्यांना कुणाचा तरी हात लागायचा. वयानं होतं असं आम्ही धरून चाललो होतो. दादाला काय झालंय ते मी त्यांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी त्या अडकलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"गोडधोड खाल्ल्यावर व्हतं का हे? लई चालून आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी?"

"व्हय अण्णा. तुम्हाला कसं ठाऊक?"

मग ते बोलले. तरुणपणी जत्रेचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी त्यांना उठता यायचं नाही. थोरले भाऊ, आमचे आबा, काठीनं ढोसायचे, ढोंगी म्हणायचे. एकदा माळावर ते असेच पडून होते आणि लांडगे आले.

"मी बोंबलत व्हतो. डोळ्यांदेखत मेंढरं फाडली. पण हात उचलंना माझा." त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. "त्याच सालात आबा वाटणी करून वायला निघाला. म्हनला, ह्या कामचुकारासंगं राहायचं नाय."

दादानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"म्हंजे मी ढोंग करत नव्हतो?" अण्णांनी विचारलं. सत्तरीतला माणूस लेकीला विचारत होता.

"नव्हतात अण्णा."

"मंग चल. आबाला सांग हे."

दादानं त्यांना मोटारसायकलवर नेलं, मी मागून चालत गेले. आबा ओट्यावर बसले होते. मला जमेल तितक्या सोप्या शब्दांत मी सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळत राहिले.

"आसंल," शेवटी ते म्हणाले. "पर आता काय त्याचं? गेली ती जित्राबं, गेली ती वर्सं."

आबा अजून काहीतरी बोलतील म्हणून अण्णा थांबले होते. चहा आला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी दादापुढं हात केला, "उठव मला."

औषधानं दादाचे झटके बरेच कमी झाले, पण प्रेसवरचं काम सुटलं ते सुटलंच. अण्णांच्या मांड्यांतली ताकद परतली नाही. एवढ्या वर्षांत स्नायूच झिजलाय, डॉक्टर म्हणाले. माझा प्रबंध मंजूर झाला. पेढे घेऊन मी गावी गेले, तर अण्णांनी पेढा हातात धरला, बघितला आणि आईच्या हातावर ठेवला.

आबा आमच्या घराकडं आजवर फिरकलेले नाहीत.