पलीकडच्या काठाची उंची

हे बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—ओळखत असतात तर पुन्हा गप्पच बसलो असतो.

मी जमीन मोजतो. पूर्णेकडच्या एका गावाचा तलाव त्या उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडला होता. नकाशा करून ठरवायचं होतं, तो भरल्यावर पाणी कुठवर येईल आणि पलीकडच्या काठावर ऊसतोडीच्या कुटुंबांना घरांसाठी जागा कुठे द्यायची. अलीकडे दुर्बिणीशी मी, पलीकडे मोजपट्टी धरून दत्ता—रोजंदारीवरचा माझा माणूस. एरवी भारी बोलका, पण पट्टी हातात आली की मुकाट.

भर दुपारी पाण्याची बाटली घ्यायला वळलो आणि माझा धक्का दुर्बिणीच्या तिवईला लागला. तिचा पाय काळ्या मातीच्या भेगेत गेला, दुर्बीण वीतभर खाली आली. आता काय करायचं असतं? दत्ताला परत बोलवायचं, मंदिराच्या पायरीवर उंची ठरवून केलेल्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करायची. एवढ्या उन्हात? मी दुर्बीण नुसती सरळ केली—आणि पुढचे आकडे घेत राहिलो. दुर्बीण खाली गेली की पट्टीवरचा आकडा कमी दिसतो, म्हणून नकाशात पलीकडचा काठ वीतभर उंच झाला. मला कळत होतं हो! वीतभरानं काय होतंय, म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि नव्या घरांत पाणी शिरलं. वीतभरच. चुली विझल्या, ज्वारीची पोती भिजली, एका आजारी म्हातारीला बाजेसकट उचलून न्यावं लागलं.

माझ्या वरच्या साहेबांनी सगळ्या गावासमोर विचारलं, चूक कुणाची? मी म्हणालो—दत्ताची पट्टी कलली असेल. खोटं. पट्टी कलली तर जमीन खोल दिसते, उंच नाही. हे मला ठाऊक होतं, दत्ताला नव्हतं. त्यानं मान खाली घातली. त्याला ते खरं वाटलं.

त्याचं काम गेलं. तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जायला लागला. माझं काय गेलं? काहीच नाही.

गेल्या दिवाळीनंतर देवगाव फाट्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक उभा होता. मला बघून दत्ता उडी मारून खाली आला. मला वाटलं, याला कळलं. त्यानं हात जोडले.

"सायेब, माझ्या हातानं लोकायच्या घरात पानी गेलं. तुमाला बी खाली बघाया लागलं. माफी करा."

ट्रक सुटायला वेळ होता. बोलता आलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे दत्ता. केलं माफ."