आलोच म्हणणारे चाचा

"आलोच!" म्हणून चाचा उठले, की घड्याळाकडं नाही, कॅलेंडरकडं बघायचं.

पवनानगरात ते पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. हातात जादू होती. पण एका घरचा पंखा उघडताना त्यांना दुसऱ्या घरचा मिक्सर आठवायचा, आणि स्वारी निघाली! तुमच्याही ओळखीत असा एक असेलच. आमच्याकडच्या शहाण्या बायांनी तोडगा काढला होता. चाचा आत आले की त्यांची एक चप्पल उचलून फडताळात ठेवायची. तर एकदा माझ्या घरून ते एकाच चपलेवर गेले. माझा मिक्सरही तेव्हापासून पोटातल्या तारा बाहेर काढून ओट्यावर पडला होता.

मी लोणावळ्यात मेंदूच्या डॉक्टरांकडं कामाला आहे. डोक्याला तारा चिकटवायच्या आणि आतल्या विजेचा आलेख काढायचा, हे माझं काम. डॉक्टरांनी एक अभ्यास काढला होता. ज्या मोठ्या माणसांचं लक्ष कशावर टिकत नाही, त्यांच्या मेंदूतल्या लाटा किती गुंतागुंतीच्या असतात ते मोजायचं. म्हटलं, चाचांहून लायक माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही.

"गुंता लय निघाला तर चांगलं, का कमी?" चाचांनी विचारलं.

"तेच शोधतोय आम्ही."

"म्हंजे तुमालाबी ठावं न्हाई. मग येतो!"

डोकं धुऊन, तेल न लावता या, असं तीनदा बजावलं होतं. आले ते तेल थापून, भांग पाडून. कपाळावर ओघळ. "तुमची चाची म्हणली, डॉक्टरकडं पिंजारल्या डोक्यानं जात्यात व्हय?" आता तेलावर तारा चिकटणार कशा? मी कपाळावर हात मारला आणि स्पिरिटचा बोळा घेऊन डोकं पुसायला लागले.

पुसताना चाचा बोलले. दोन वर्षांच्या नातीला बिस्किटं घ्यायला नेलं होतं. कुणीतरी मोटारीसाठी हाक मारली. नातीला दुकानाच्या फळीवर बसवून "आलोच" म्हणाले आणि गेले ते गेलेच. रडून लाल झालेल्या पोरीला शेवटी दुकानदारानं घरी पोचवलं. त्या दिवसापासून सून मुलीला त्यांच्या हातात देत नव्हती.

"ती बोलत काय न्हाई हो. नुसती पोर उचलून आत जाती." मग हळूच म्हणाले, "मला येक कागद द्या. ह्यो मानूस बेपर्वा न्हाई, डोकंच असं हाय, म्हनून. सुनंला दावतो."

असा कागद द्यायची अभ्यासात सोय नव्हती. तसं सांगताना मला फार वाईट वाटलं. मग पडद्यावरच्या फुलीकडं बघत पाच मिनिटं गप्प बसा म्हटलं. चाचा घामाघूम झाले, पण बसले! मी मात्र त्या फळीवरच्या पोरीच्या विचारात, आणि नोंदीचं बटण दाबायलाच विसरले. म्हणे दुसऱ्यांचं लक्ष मोजणारी!

पुन्हा बोलवायला फोन केला. चाचा फोन घरीच विसरले होते, सुनेनं उचलला. खोटं बोलवेना. "चूक माझी झाली. तुमच्या मुलीचाच विचार डोक्यात होता, बटण दाबायचं राहिलं."

पलीकडून हसू ऐकू आलं. "ताई, तुमचं पण तसंच? मीच घेऊन येते अब्बांना."

आली. पोरगी कडेवर, आणि चाचांच्या डोक्याला पुन्हा तेल. पुसून, तारा लावून झाल्या, तोच पोरगी त्या रंगीत तारांकडं झेपावायला लागली. सुनेनं एकदा माझ्याकडं, एकदा सासऱ्यांकडं बघितलं आणि तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "अब्बा, नीट धरा."

नियमानं मी तिला उचलायला हवं होतं. नाही उचललं. बटण दाबलं, दोनदा तपासलं.

पाच मिनिटांत पोरगी झोपली. चाचांनी फुलीकडं एकदाही बघितलं नव्हतं. ते तिच्याकडंच बघत होते.

"झालं चाचा, उठा."

"श्श! आत्ता न्हाई."

पाऊण तास ते हलले नाहीत. बाहेर पुढचा पेशंट कुरकुरत होता.

डॉक्टरांनी ती नोंद रद्द केली. मांडीवर मूल, नजर भलतीकडं, नियमात बसत नाही म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पुढं अभ्यास पुरा झाला. माझा मिक्सर अजून उघडाच आहे. पण लक्ष न टिकणाऱ्या माणसांच्या आमच्या यादीत चाचा नाहीत.