शेवयाच्या मशीनचं चाक

माझी शेवयाची मशीन ऐन चैत्रात बंद पडली. कर्रकन आवाज झाला, मोटार फिरतेय आणि रूळ ढिम्म हलेनात. समोर बायका घमेली घेऊन बसलेल्या, घमेल्यांत ओल्या फडक्याखाली मळलेला रवा. मी बाजूचं झाकण काढलं तर आतल्या पांढऱ्या दातेरी चाकाचे निम्मे दात भुगा होऊन पडले होते. एवढंसं चाक, पण त्याच्यावाचून सगळं अडलं. बायकांनी घमेली उचलली आणि मागच्या गल्लीत गेल्या. तिथं यंदा नवी चकचकीत मशीन आली होती.

पोरगा परभणीला कामाला जातो. जाताना ते चाक घेऊन गेला, तसंच परत घेऊन आला. मिस्त्रीनं सांगितलं होतं, ही कंपनी कवाच बंद झाली, हा गेअर कुठंच मिळणार न्हाई, भंगारात टाका. पोरगा मायेनंच म्हणाला, "आई, बस की आता. लय राबलीस. आरामात टीव्ही बघत जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आरामात बसलेल्या बायका मी आमच्या बोरी गावात बघितल्यात. दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात, आणि सालभरात त्यांना कुणी काही विचारेनासं होतं. मला मात्र चैत्र लागला की बायका विचारत येतात, रवा किती भिजवू, कडक मळू का सैल, पोरीच्या रुखवताला बारीक पाडून देता का. हे विचारणं बंद झालं असतं तर मी काय करणार होते? त्या दिवशी मी जेवलेच नाही.

सुनेनं चाक उचललं आणि तिच्या खोलीत नेलं.

सून सेलूची. मशिनींचं शिकलेली, लग्नाआधी पुण्यात एका कारखान्यात नवे नमुने बनवायची, आता घरी बसून त्यांची चित्रं काढून पाठवते. खोलीत तिनं थ्रीडी प्रिंटर ठेवलाय. मी त्याला नावं ठेवत होते, खोटं कशाला बोलू. त्यानं मोबाइलचा स्टँड काढला, किल्ल्या अडकवायचा गणपती काढला. "प्लॅस्टिकची जिलबी पाडायलीस का गं?" म्हणायची मी. ती हसायची. पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं तर काय, तेही माझ्या मशीनचंच भावंड! प्लॅस्टिकची तार आत ओढतं, वितळवून बारीक शेवई पाडतं आणि शेवईवर शेवई रचत वस्तू उभी करतं.

तिनं कॅलिपर काढला. दाताची उंची, दोन दातांमधली खाच, मधल्या भोकाची रुंदी, एकेक माप घेऊन कॉम्प्युटरवर चित्र काढलं. तुटलेल्या दातांच्या जागी शाबूत दात मोजून बसवले. मग प्रिंटर लावला. अर्ध्यात लाइट गेली आणि चाक चपटं राहिलं. तिनं कपाळावर हातसुद्धा मारला नाही. इन्व्हर्टर जोडला आणि पहिल्यापासून लावलं.

चाक निघालं, दिसायला तर हुबेहूब. मशीनमध्ये बसवलं, बटण दाबलं, आणि ते गच्च अडकलं. मोटार नुसती हुंदके देऊ लागली.

"झालं? म्हटलं नव्हतं मी!" माझ्या तोंडून गेलंच. राग तिच्यावर नव्हता. आस लागली होती ना, ती मोडली म्हणून जीव जळत होता.

सुनेनं जुनं चाक दारात, उन्हात नेलं. नखानं खाच खरवडली. नखाखाली पिवळट, मधासारखा थर निघाला.

"आई, याला तेल कोणतं घालता?"

"करडईचं. दुसरं कोणतं?"

"खायचं?"

"मग! खायची चीज पडतीय त्यातून, मोटारीचं काळं तेल घालू का? सगळा गाव करडईचंच घालतोय."

ती अशी हसली की ओढणी तोंडाला लावावी लागली. म्हणाली, "करडईचं तेल वाळलं की वार्निश होतं. सालोसाल ते खाचांत बसत गेलं, आणि मी खाच मोजली ती तुमच्या वार्निशासकट मोजली! जुनं चाक त्याच्यात घासून घासून रुळलं होतं, नव्याला कुठून जागा मिळणार?"

मला हसावं का चिडावं कळेना. शेवटी हसले.

तिनं जुनं चाक रॉकेलमध्ये भिजत घातलं. मशीनमधली बाकीची चाकं मी दात घासायच्या ब्रशनं घासली. काम मिळालं तसं जरा बरं वाटलं. धुतलेलं चाक तिनं डोळ्याशी धरलं आणि मला जवळ बोलावलं. "बघा, मशीन एकाच अंगानं फिरते. म्हणून दाताची ही बाजू झिजलीय, पण ती बाजू कोरीच आहे. बनवणाऱ्यानं बनवली तशी." त्या कोऱ्या बाजूवरून तिनं सगळा दात परत काढला. ज्यानं हे चाक पहिल्यांदा बनवलं तो माणूस कुठं असेल, असेल का नसेल, पण त्याच्या मनातलं चाक माझ्या सुनेनं ओळखलं. मी तर तोंडात बोट घालून बघतच राहिले. काय पोरगी हाय!

या खेपेला तिनं चिवट नायलॉन लावलं. चाक बसवलं, खायच्या मशिनींचं पांढरं ग्रीस लावलं, आणि म्हणाली, "दाबा."

मी दाबलं. रूळ फिरले, आवाजसुद्धा न करता. मी मळून ठेवलेला गोळा घातला, आणि शेवया अशा उतरल्या, अशा उतरल्या की मी "अगं बाई गं!" करून तिला कवटाळलंच. पिठाच्या हातांनी. तिच्या ड्रेसवर माझी दहाही बोटं उठली.

"गुडघे मिळतील का गं असेच काढून?" मी विचारलं.

"आधी मापं द्यावी लागतील. आणि त्यांना करडईचं तेल लावलं नाही ना?"

दुसऱ्या दिवसापासून बायका एकेक करून परत आल्या. शेळ्या राखणारी एक जुनी गिऱ्हाईक आली, तिच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. "मशीन मोडली म्हणत होते, कुणी नीट केली?" तिनं विचारलं. मी मोटारीच्या आवाजाच्या वर आवाज काढून म्हणाले, "माझ्या सुनेनं. चाक घरीच बनवलं तिनं!" सून आत होती. ऐकू जावं म्हणूनच ओरडले.

संध्याकाळी पोरगा आला. अंगणभर काठ्यांवर वाळत घातलेल्या शेवया बघून खूश झाला, पण जेवताना परत तेच. "आई, यंदा झालं, ठीक हाय. पण अजून किती वर्षं चालवणार तू?"

मी तोंड उघडायच्या आत सून उठली. आतून मिठाईचा एक रिकामा डबा घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. झाकण काढलं. आत पांढरी दातेरी चाकं, एकावर एक, काठोकाठ.

"आई थकेपर्यंत," ती नवऱ्याला म्हणाली, "पुरतील एवढी काढून ठेवलीत."

पोरग्यानं एक चाक उचलून उजेडात धरून बघितलं. जेवण झाल्यावर मी कपाट उघडलं, माझ्या पाटल्या जरा बाजूला सरकवल्या, आणि डबा तिथं ठेवला.