ढोलाकडे पाठ

सांगलीच्या एसटी स्टँडवर मी धुळातात्यांना आटपाडीच्या गाडीत बसवत होतो. त्यांचा ढोल मांडीवर मावत नव्हता आणि कंडक्टर ढोलाचं वेगळं लगेज मागत होता. "आवं, त्यो माझ्या मांडीवर बसनार हाय, त्याला कशाला तिकीट?" तात्या म्हणाले. गाडीतली माणसं हसली. हा किस्सा मी पुष्कळांना सांगितला आहे. तात्या त्या गाडीत एकटे का होते, ते सांगायचं मात्र टाळत आलो. आता वय असं आहे की आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

सत्तरच्या दशकातली, दुष्काळ सरल्यानंतरची वर्षं. मी मूळचा उंब्रजचा. नाटकाचं रीतसर शिक्षण झालेलं, लग्न नाही, सांगलीत भाड्याची एक खोली. एका संस्थेने लोककलावंतांसाठी रंगमंचाचं प्रशिक्षण शिबिर काढलं आणि मला दिग्दर्शक नेमलं. मागे पडत चाललेल्या कला स्टेजवर आणायच्या, कलावंतांना बाहेर कार्यक्रम मिळवून द्यायचे, असा हेतू होता. तो चांगलाच होता, हे आजही म्हणतो.

आटपाडीकडच्या एका वाडीतून धनगरांचं गजीचं पथक आलं. गजी हा पुरुषांचा नाच, धनगरांच्या बिरोबा देवापुढे धरायचा. पांढरी धोतरं, डोईला फेटे, हातात रंगीत रुमाल. माणसं गोल धरतात आणि ढोलवाला त्या गोलाच्या आत फिरतो. तो एकेकासमोर येतो, त्याच्याकडे बघतो, हात बदलतो, की सगळ्यांचे पाय बदलतात. कधी बदलणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. पथकाचे ढोलवाले धुळातात्या. नाचणाऱ्यांत पुढे असायचा त्यांचा पुतण्या म्हाळू. आईबाप गेल्यावर तात्यांनीच त्याला वाढवलं होतं.

माझ्या दृष्टीने अडचण साधी होती. गोलात नाचलं की प्रेक्षकांना पाठीच दिसतात. स्टेजवर कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवण्याला आम्ही ब्लॉकिंग म्हणतो. मी खडूने रेघ मारली, सगळ्यांना तिच्यावर रांगेत उभं केलं, तोंडं समोर. तात्यांना बाजूला, विंगेजवळ.

तात्या जागेवरून हलेनात.

"ढोलाकडं पाठ करून नाचायचं कुनाकडं बगून?"

"पब्लिककडे."

"पब्लिक काय बिरोबा हाय व्हय?"

पोरं खो-खो हसली. मलाही हसू आलं. पण तालीम बसेना. समोर बघणाऱ्यांना तात्या दिसत नव्हते, त्यामुळे हात बदलला की निम्मे पाय चुकायचे. मग मी त्यांना काउंट शिकवले. एक-दोन-तीन-चार, चारला वळायचं, आठला बसायचं. पोरं तरुण होती, लवकर शिकली. तात्यांचा हात मात्र काउंटवर थांबत नव्हता. एखाद्याचा पाय रंगात आला की ते तिथेच रेंगाळायचे, ढोल त्याच्यावरच खेळवायचे. वाडीत हेच त्यांचं कसब मानलं जायचं. स्टेजवर मला ते परवडत नव्हतं.

साताऱ्याचा कार्यक्रम जवळ आला. मुंबईचे पाहुणे येणार होते. संस्थेचे आमचे साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याचं काय ते बघा. बँडमधला एखादा वाजवणारा घ्या."

"पोरं त्यांच्याशिवाय नाचणार नाहीत, सर."

"ते तुम्ही बघायचं. दिग्दर्शक कोण आहे?"

मी बघितलं. तात्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "तात्या, वाईट वाटून घेऊ नका. पोरंच म्हणतात, तुमच्या ढोलावर आता त्यांचे पाय बसत नाहीत."

तात्या बराच वेळ रुमालाने ढोलाचं पान पुसत राहिले. मग विचारलं, "म्हाळू बी?"

मी "हो" अशी मान हलवली.

त्याच दुपारी त्यांना आटपाडीच्या गाडीत बसवून आलो. संध्याकाळी पोरांना सांगितलं की तात्यांना मेंढरांची काळजी लागली, ते आपणहून घरी गेले.

"मला न सांगता?" म्हाळू म्हणाला. "चुलता असं करायचा न्हाई."

"केलं खरं."

तो फाटकाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी रेघेवर उभा राहिला.

साताऱ्यात बँडमधल्या माणसाच्या ढोलावर नाच झाला आणि टाळ्या थांबेनात. पाहुणे खूश, साहेब खूश, पथकाला पुढचे कार्यक्रम मिळाले. सगळे गेल्यावर मी रिकाम्या स्टेजवर खडूची रेघ पुसत होतो.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर चुलते-पुतणे बोलतील आणि माझं खोटं उघडं पडेल. तसं झालं नाही. पोरांनी काढून टाकलं म्हणून तात्या गप्प. तात्या सोडून गेले म्हणून पोरं गप्प. तात्या आणि म्हाळू तर एकाच घरात, तरी कुणी कुणाला विचारलं नाही.

हे मला पुढच्या वर्षी वाडीच्या जत्रेत कळलं. बिरोबाच्या देवळापुढे भर दुपारी पथक उतरलं. गोल धरलाच नाही. पोरं रांगेत उभी राहिली, तोंडं माणसांकडे, पाठ देवाकडे. ओठ हलत होते, काउंट मोजत होते. ढोल दुसराच कुणी वाजवत होता. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "ही सांगलीची नवी तऱ्हा म्हनं."

तात्या लांब बाभळीखाली एकटे बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. कबूल करायचं ठरवूनच आलो होतो.

"सायेब, बरं झालं आलासा. एक इचारायचं हुतं. पोरं सांगत न्हाईत, मलाबी इचारवत न्हाई. माझा हात कुटं चुकायचा?"

तोच क्षण होता. मी म्हणालो, "लय थोडं, तात्या. शेवटाकडे जरा संथ व्हायचा."

त्यांनी गुडघ्यावर बोटांनी ताल धरला. थोडा जलद केला. "असा?"

"हां. असा."

ते ताल धरत राहिले. मी शेवटची गाडी गाठायची म्हणून उठलो.

प्रशिक्षणाबद्दल मला विचारलं तर एवढंच सांगेन, की खोटं बोलून बसवलेल्या ब्लॉकिंगलाही टाळ्या मिळतात. त्यामुळे टाळ्यांवरून काही ठरवू नये.

पुढे एकदा गेलो, तर तात्या मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरले होते. मग माझी बदली झाली. नंतर त्यांच्या जाण्याची बातमी आली. म्हाळूला सांगायला तरी जायला हवं होतं. तेही झालं नाही. बाभळीखाली सांगायचं होतं ते एवढंच होतं: तात्या, तुमचा हात कधीच चुकला नाही. पोरं तसं काही म्हणाली नव्हती, म्हाळू तर नाहीच नाही. ते मी म्हणालो होतो. मला माफ करा.