जंगलातला इंदुरी भोपळा

ऑक्टोबरचा पहिला रविवार. आजचं काम: जंगलात जाऊन भोपळ्याचे वेल उपटणे.

इंदूरपासून तीन-चार तासांवर एक जंगल-कॅम्प आहे. तिथे प्रत्येक पाहुण्याकडून एक रोप लावून घेतात, त्याला पाहुण्याच्या नावाची पाटी लावतात आणि पुढे अधूनमधून मोबाइलवर त्याचा फोटो पाठवतात. (ही परत बोलावण्याची युक्ती आहे, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तरी जुलैत परत गेले.) कारण फोटोत मी लावलेला आवळा मरगळलेला होता आणि शेजारचा, भोपाळच्या कुणा मॅडमचा, तरारलेला!

आम्ही इंदूरच्या सुदामा नगरची माणसं. ओला-सुका कचरा वेगळा करणं अंगात भिनलेलं. घरी खत कसं करायचं ते अख्ख्या गल्लीला मीच शिकवलंय. जुलैत जाताना पिशवीभर खत सोबत घेतलं.

"अगं, बाहेरचं काही आणू नका, असं लिहिलंय तिथे," हे म्हणाले.

"ते प्लास्टिकसाठी. खत म्हणजे काय वेफरचं पाकीट आहे?"

आवळ्याला पोटभर खत घातलं. उरलेलं, मन मोठं करून, आसपासच्या रोपांना. (मॅडमच्या रोपालाही. अगदी थोडं.)

सप्टेंबरच्या फोटोत आवळा नव्हता. नुसती थाळीएवढी पानं. पाठोपाठ कॅम्पच्या तिवारीजींचा फोन.

"काकीजी, क्या डाला था आपने? सब पेड़ों पे कद्दू चढ़ गया है. भोपालवाली मॅडम पूछ रही हैं, मेरा पेड़ कहाँ है?"

भोपळ्याच्या बिया मी खतात टाकते, हे तेव्हा आठवलं.

"मान गए भिया, खत एक नंबर आहे," हे अस्सल इंदुरी थाटात म्हणाले.

"बाहर की मिट्टी लाए तो पाटी निकलती है," तिवारीजींनी नियम ऐकवला. म्हणून आज दुपारपर्यंत वाकून वेल उपटले. नाव निघालं तर गल्लीत काय सांगणार? शेवटच्या वेलाखाली आवळा सापडला. पिवळट, पण जिवंत.

तिवारीजींनी पाटी पुसून परत लावली. "रहने देते हैं. बाकी लोग घूमने आते हैं, आप तो सफ़ाई करने आती हो. अगली बारिश में फिर आना, बीज तो फिर फूटेंगे."

गाडीत बसताना त्यांनी चार भोपळे माझ्या मांडीवर ठेवले.

सोमवार. सकाळी एका भोपळ्याचे घारगे केले. बिया भाजून खाल्ल्या, सालं खताच्या डब्यात टाकली. झाकण लावलं. मग शंका आली म्हणून उघडलं, आणि गल्लीला खत शिकवणारी मी कोपरापर्यंत हात घालून बी शोधत बसले. सापडली!